ट्राबांटचा तडा : प्लॅस्टिकच्या मोटारीचा आणि ती सांधणाऱ्या हातांचा इतिहास

१/
मोटारीच्या पत्र्याला पोचा आला की डेंटिंगवाला आतून टेकू लावतो, बाहेरून हातोडी मारतो आणि पत्रा मूळ आकारात आणतो. पत्रा फाटलाच तर वेल्डिंग करतो. पूर्व जर्मनीतील लक्षावधी मोटारींच्या बाबतीत मात्र हे दोन्ही उपाय निरुपयोगी होते. तेथे मडगार्डला धक्का बसला तर पोचा येत नसे, तडा जात असे. हातोडीने तो वाढे आणि उष्णतेने तो जुळत नसे. मग ही मोटार दुरुस्त कशी होई? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात शीतयुद्धाच्या काळातील एका देशाची टंचाई, त्याचे रसायनशास्त्र आणि त्याच्या नागरिकांचे रविवार दडलेले आहेत. त्या तड्याचा हा मागोवा.

२/
मोटारीचे नाव ट्राबांट. जन्मगाव सॅक्सनी प्रांतातील त्स्विकाऊ. पहिल्या गाड्या नोव्हेंबर १९५७ मध्ये तयार झाल्या, शेवटची गाडी ३० एप्रिल १९९१ रोजी बाहेर पडली. या काळात सुमारे ३१ लाख ट्राबांट बनल्या. जर्मन भाषेत ‘ट्राबांट’ म्हणजे सोबती, उपग्रह. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला होता आणि त्या उत्साहाची छाया या नावावर होती. सर्वाधिक खपलेले ‘६०१’ हे मॉडेल १९६४ मध्ये आले. दोन सिलिंडरचे, सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, २६ अश्वशक्ती आणि जेमतेम सव्वासहाशे किलो वजन, असा तिचा संसार होता.

३/
त्स्विकाऊ हे काही मोटारींना नवखे गाव नव्हते. आउगुस्ट हॉर्ख या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे स्वतःच्या नावाचा कारखाना काढला. भागीदारांशी बिनसल्यावर १९०९ मध्ये त्याने त्याच गावात दुसरा कारखाना उभारला. स्वतःचे नाव वापरण्याचा हक्क आता त्याच्याकडे नव्हता. ‘हॉर्ख’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘ऐक’. त्याचे लॅटिन रूप घेऊन नव्या कारखान्याचे नाव ठेवले गेले ‘आउडी’. पुढे १९३२ मध्ये हॉर्ख, आउडी, डीकेडब्ल्यू आणि वाँडरर या चार कंपन्या ‘आउटो युनियन’ म्हणून एकत्र आल्या. जर्मनीतील श्रीमंतांच्या आलिशान मोटारी ज्या गावात बनत, त्याच गावात पुढे प्लॅस्टिकची जनमोटार बनली.

४/
दुसऱ्या महायुद्धानंतर त्स्विकाऊ सोव्हिएत ताब्यातील विभागात गेले. युद्धभरपाई म्हणून येथील कारखान्यांची यंत्रसामग्री उचलून नेली गेली. १९४९ मध्ये पूर्व जर्मनीचे राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याच्यापुढे एक मूलभूत अडचण होती. जर्मनीच्या जड उद्योगाचे हृदय असलेले रूर खोरे पश्चिमेकडे राहिले होते. मोटारीचे वळणदार भाग दाबून काढण्यासाठी मऊ, एकसंध, उत्तम प्रतीचा पत्रा लागतो. तो देशात पुरेसा बनत नव्हता आणि पश्चिमेकडून घ्यावा तर पाश्चात्त्य राष्ट्रांचे निर्यातनिर्बंध आडवे येत. मोटार तर हवी होती, पण पत्रा नव्हता.

५/
पत्र्याला पर्याय शोधण्याची कल्पना मात्र टंचाईतून अचानक सुचलेली नव्हती. १९०७ मध्ये लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बॅकेलाइट बनवले होते. जुने टेलिफोन आणि विजेची काळी बटणे याच पदार्थाची. १९३० च्या दशकात आउटो युनियनने डीकेडब्ल्यू गाड्यांसाठी अशाच राळेच्या बॉडीचे प्रयोग केले होते. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९४१ मध्ये प्लॅस्टिकचे पॅनल लावलेली मोटार लोकांना दाखवली. १९५३ मध्ये शेवरोले कॉर्व्हेट ही फायबरच्या बॉडीची गाडी बाजारात आली, पण पहिल्या वर्षी तिचे अवघे ३०० नग बनले. हाताने थर चढवत फायबरची बॉडी घडवणे थोड्या गाड्यांपुरते ठीक होते. त्स्विकाऊला मात्र लाखोंची गरज होती.

६/
त्स्विकाऊच्या अभियंत्यांनी हाताशी काय आहे याचा हिशेब मांडला. पूर्व जर्मनीत दगडी कोळसा कमी, पण लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा विपुल होता आणि त्याच्या डांबरातून फिनॉल मिळू शकत होते. सोव्हिएत संघातील कापूस उद्योगातून आखूड धाग्याचा टाकाऊ कापूस येत होता. फिनॉलची राळ आणि कापसाचा कचरा यांच्या संयोगातून ‘ड्युरोप्लास्ट’ साकारले. १९५५ च्या ‘पी ७०’ या गाडीवर ते प्रथम मोठ्या प्रमाणात वापरले गेले. तो अनुभव गाठीशी घेऊन ट्राबांट आली.

७/
पॅनल बनवण्याची रीत अशी होती. कापूस पिंजून त्याचे पातळ पापुद्रे काढत आणि त्यांवर राळेची भुकटी पसरत. असे अनेक थर एकावर एक रचून जाड गादी तयार होई. ती मापाने कापून तापलेल्या पोलादी साच्यात ठेवली की प्रचंड दाबाखाली काही मिनिटे राळ वितळे, कापसात मुरे आणि मग कायमची कडक होई. साचा उघडला की मडगार्ड, छत किंवा डिकीचे झाकण हाती येई. कडा कापायच्या, भोके पाडायची आणि रंग द्यायचा. पत्रा दाबण्यापेक्षा हे काम कितीतरी संथ होते. एकेका भागासाठी प्रेस काही मिनिटे अडकून पडे. कच्चा माल स्वस्त होता, पण वेळ महाग होता. गाडीसाठी लागणाऱ्या प्रदीर्घ प्रतीक्षेच्या कारणांपैकी हेही एक.

८/
येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ट्राबांटला जर्मनीत ‘रेनपाप्पं’, म्हणजे शर्यतीचा पुठ्ठा, असे चिडवत. त्यावरून ती खरोखरच पुठ्ठ्याची होती असा समज जगभर पसरला. वस्तुस्थिती निराळी आहे. गाडीचा सांगाडा पोलादाचाच होता. ड्युरोप्लास्ट ही त्या सांगाड्यावर स्क्रू आणि चिकट द्रव्य यांच्या साहाय्याने बसवलेली कातडी होती. हाडे लोखंडाची, कातडे कापसाचे. कातडे कधीच गंजत नसे, हाडे मात्र गंजत. ही विसंगती पुढे महत्त्वाची ठरते.

९/
आता तड्याकडे वळू. प्लॅस्टिकचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिला प्रकार मेणासारखा : तापवला की मऊ होतो, थंड झाला की घट्ट होतो आणि हे कितीही वेळा करता येते. आजच्या बहुतेक मोटारींचे बंपर याच जातीचे, म्हणून त्यांचा तडा गरम हत्याराने आणि प्लॅस्टिकच्या कांडीने वेल्ड करता येतो. दुसरा प्रकार मडक्यासारखा : एकदा भाजून निघाला की पुन्हा चाकावर चढवता येत नाही. त्याच्या रेणूंची एकमेकांत जाळीदार गुंफण झालेली असते. तापवल्यास तो वितळत नाही, करपतो. ड्युरोप्लास्ट या दुसऱ्या जातीचे. म्हणून ते जोडायचे तर परक्या पदार्थाची मदत घेणे भाग होते.

१०/
तडे कोठे जात? बहुधा स्क्रूच्या भोकांपाशी, दिव्यांच्या खोबणीभोवती आणि मडगार्डच्या खालच्या कडेला. ड्युरोप्लास्ट कडक, पण ठिसूळ. पोलादी सांगाडा हादऱ्यांनी किंचित पिळवटे, प्लॅस्टिकच्या कातड्याला ते सोसत नसे आणि सारा ताण भोकाच्या कडेवर एकवटे. एकदा रंगाचा थर फुटला की उघड्या कडेतून कापसाचे धागे ओलावा शोषत. तडा हळूहळू लांबे. टकरीत तर पॅनलचे थेट तुकडेच पडत.

११/
मग नवे पॅनल का बसवत नसत? कारण ते मिळणेच दुरापास्त होते. १९८० च्या दशकात नव्या ट्राबांटसाठी दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की गाडीसाठी नाव नोंदवणे ही अनेक घरांत रीतच होती. वाट पाहावी लागत नसल्याने वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षाही महाग विकली जाई. सुट्या भागांचे हाल याहून वेगळे नव्हते. सरकारी गॅरेजमध्येही पाळी लागे. अशा परिस्थितीत तडा गेलेले मडगार्ड टाकून देणे हा विचारही उधळपट्टीचा होता.

१२/
म्हणून ट्राबांटचा मालक हाच तिचा पहिला मेकॅनिक झाला. पूर्व बर्लिनच्या तंत्रविषयक प्रकाशनसंस्थेने वाहनधारकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तकमाला काढली होती. तिच्या नावाचा अर्थ होतो, ‘मी स्वतःची मदत स्वतः कशी करू?’ ट्राबांटवरील तिचे पुस्तक घरोघरी पोचले. या नावाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे. जे राज्य नागरिकाच्या गरजा योजनाबद्ध रीतीने पुरवण्याचे वचन देत होते, त्याच राज्याची छापील पुस्तके त्याला शिकवत होती की गाडी बिघडली तर बाह्या वर सारून स्वतःच कामाला लाग.

१३/
दुरुस्तीची पहिली पायरी तडा थांबवणे ही होती. तडा जेथे संपतो त्या टोकाशी एक बारीक गोल भोक पाडायचे. तुटलेल्या वस्तूला आणखी एक भोक पाडणे वरवर वेडेपणाचे वाटते, पण त्यामागे पक्के गणित आहे. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले होते की पट्टीतील छिद्राचे टोक जितके अणकुचीदार, तितका तेथे ताण अधिक साठतो. तड्याचे टोक सुईसारखे असते, म्हणून तो पुढे पुढे धावतो. गोल भोकाने ते टोक बोथट होते आणि ताण सभोवार विखुरतो. जहाजांच्या पोलादी पत्र्यांसाठी मांडलेला हा विचार कापसाच्या मडगार्डलाही तितकाच लागू पडला.

१४/
दुसरी पायरी जागा तयार करण्याची. तड्याच्या दोन्ही कडा कानशीने तिरक्या घासून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच करायची, म्हणजे भरणीला धरायला अधिक पृष्ठभाग मिळतो. मागच्या बाजूला चारही दिशांनी हातभर नव्हे, पण चांगली चार बोटे जागा पॉलिश पेपरने खरखरीत करायची. मडगार्डच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षांचा चिखल, तेल आणि गंजरोधक मेणचट थर साचलेला असे. तो खरवडून, सॉल्व्हंटने पुसून जागा कोरडी केल्याशिवाय पुढे जाणे व्यर्थ. कापसाने शोषलेला ओलावाही वाळू द्यावा लागे. घाईत लावलेले ठिगळ पहिल्या हिवाळ्यातच सुटून येई.

१५/
तिसरी पायरी ठिगळाची. काचेच्या धाग्यांचे कापड मापाने कापून, पॉलिएस्टरच्या राळेत हार्डनर मिसळून, मागच्या बाजूने थरावर थर चिकटवायचे. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा मोठा ठेवायचा, म्हणजे ताण एकाच रेषेवर येत नाही. ब्रशने ठोकत आतली हवा काढायची. हार्डनर जास्त पडले तर मिश्रण डब्यातच तापून दगड होई, कमी पडले तर दिवसेंदिवस चिकट राही. राळ घट्ट झाली की पुढच्या बाजूच्या खाचेत लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. शेवटी प्रायमर आणि रंग. आज जुन्या गाड्या सांभाळणारे अनेकदा एपॉक्सी राळ वापरतात, कारण तिची पकड अधिक चिवट असते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

१६/
हे साहित्य मिळण्यामागेही राजकारण होते. नोव्हेंबर १९५८ मध्ये लॉयना येथील परिषदेत पूर्व जर्मन नेतृत्वाने रसायन उद्योगाच्या विस्ताराचा कार्यक्रम जाहीर केला. ‘रसायन देते भाकरी, समृद्धी आणि सौंदर्य’ अशी त्याची घोषणा होती. श्कोपाऊ येथील बुना कारखान्याची ‘श्कोपाऊचे प्लास्टं आणि एलास्टं’ ही जाहिरात महामार्गावरून जाणाऱ्या पिढ्यांच्या स्मरणात राहिली. पश्चिम जर्मनीत लोक ‘प्लास्टिक’ म्हणत, पूर्वेत ‘प्लास्टं’. एका पदार्थाच्या नावावरून माणूस भिंतीच्या कोणत्या बाजूचा ते ओळखू येई.

१७/
परंतु तड्याची खरी भीती तड्यात नव्हती. ती त्याच्या मागे होती. फटीतून शिरलेले पाणी पोलादी सांगाड्यावर साचे आणि न गंजणाऱ्या चकचकीत कातडीआड हाडे गुपचूप खात जाई. बाहेरून गाडी धडधाकट दिसे, आतून दाराखालची पोलादी पट्टी पोखरलेली असे. म्हणून जाणते मालक पॅनलचा तडा हा केवळ देखणेपणाचा प्रश्न मानत नसत. तडा ही सांगाड्याच्या प्रकृतीची बातमी होती. पॅनल काढायचे, सांगाडा तपासायचा, गंज खरवडून रंग द्यायचा आणि मगच कातडे सांधायचे, हा खरा क्रम.

१८/
ही कामे चालत कोठे? बहुधा भाड्याच्या घरांपासून काही अंतरावर असलेल्या गॅरेजांच्या रांगांमध्ये. नागरिक मंडळे करून, बहुतेकदा सरकारी जमिनीवर, श्रमदानाने ही गॅरेजे स्वतः बांधत. त्स्विकाऊपासून जवळच असलेल्या आणि तेव्हा कार्ल-मार्क्स-श्टाट म्हणवणाऱ्या केम्निट्स शहरात अशा वसाहती अजूनही आहेत. २०२५ मध्ये हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले, तेव्हा या गॅरेजांवर एक मोठा प्रकल्प राबवण्यात आला. तेथे राळेचा डबा, जुना स्क्रू आणि शेजाऱ्याचा अनुभव यांची देवाणघेवाण चाले. पैशापेक्षा ओळख मोलाची होती.

१९/
या चित्राचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. दुरुस्तीची ही संस्कृती कौतुकास्पद होती, पण तिच्यामागे नाइलाज होता. त्स्विकाऊच्या अभियंत्यांनी नव्या गाड्यांचे आराखडे वारंवार सिद्ध केले. स्कोडाच्या सहकार्याने चाललेला प्रकल्प पुढे रखडला आणि १९७९ मध्ये पक्षनेतृत्वाने उत्तराधिकारी मोटारीचे काम थांबवले. परिणामी १९६४ चे रूप थेट १९९० पर्यंत विकले गेले. गाडी अधिक टिकावी म्हणून नागरिकांनी ओतलेले लक्षावधी तास कोणत्याही योजनेच्या हिशेबात मोजले गेले नाहीत. योजना मात्र त्याच तासांच्या आधारावर तग धरून होती. राळेचा उग्र वास आणि काचेची धूळ ज्यांच्या छातीत गेली, त्यांची नोंदही त्या हिशेबात नाही.

२०/
मग १९८९ उजाडले. ११ सप्टेंबर रोजी हंगेरीने पूर्व जर्मन नागरिकांसाठी ऑस्ट्रियाची सीमा खुली केली. प्रागमधील पश्चिम जर्मन दूतावासात हजारोंनी आश्रय घेतला आणि दशकभर वाट पाहून मिळवलेल्या ट्राबांट तेथील रस्त्यांवर सोडून दिल्या. १९९० मध्ये दाविद चेर्नी या चेक शिल्पकाराने चार पायांवर चालणारी ट्राबांट घडवली, ती याच स्थलांतराची खूण. ९ नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत उघडली आणि टू-स्ट्रोक धुराचे लोट पश्चिमेत शिरले. जी गाडी टंचाईची निशाणी होती, ती काही दिवसांत मुक्तीचे प्रतीक झाली.

२१/
प्रतीकाचे आयुष्य वस्तूपेक्षा मोठे ठरले. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिम जर्मन मार्क लागू झाला. पश्चिमेच्या वापरलेल्या गाड्या आवाक्यात आल्या आणि कालपर्यंत सोन्याच्या मोलाच्या ट्राबांट रस्त्याकडेला बेवारस पडू लागल्या. तेव्हा ड्युरोप्लास्टचा तोच गुण दोष म्हणून पुढे आला. पत्रा वितळवून नवा पत्रा होतो, पण ही कातडी वितळत नव्हती. ती गंजून मातीला मिळत नव्हती आणि जाळावी तर विषारी धूर निघे. टाकाऊ कापसातून जन्मलेली वस्तू स्वतःच न संपणारा कचरा झाली.

२२/
आजही जर्मनीत तीस हजारांहून अधिक ट्राबांट रस्त्यावर चालण्यास पात्र म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे जुनाच प्रश्न नव्या अर्थाने उभा राहतो : तडा गेलेले पॅनल बदलावे की सांधावे? नवे ड्युरोप्लास्ट दाबणारा त्स्विकाऊचा कारखाना आता नाही. फायबरची नक्कल बसवली तर गाडी देखणी होते, परंतु कापूस आणि कोळशाची ती मूळ कातडी जाते. म्हणून अनेकजण दुसऱ्या गाडीचे जुने पॅनल शोधतात किंवा आपलेच पॅनल मागून ठिगळ लावून जपतात.

२३/
त्स्विकाऊमध्ये आउडीच्या जुन्या कारखान्याच्या जागी आज आउगुस्ट हॉर्ख यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तेथे हॉर्खच्या आलिशान गाड्या आणि ट्राबांट एकाच छताखाली नांदतात. संग्रहालयातील गाडी नेहमी पुढून पाहिली जाते. एखाद्या मडगार्डच्या मागे डोकावण्याची संधी मिळाली आणि तेथे काचेच्या कापडाचे खडबडीत, पिवळट ठिगळ दिसले, तर ते दोष म्हणून नजरेआड करू नये. कारखान्याने काय बनवले हे पुढच्या रंगावरून कळते. ती गाडी कोणी, कशाच्या आधाराने, किती वर्षे चालवली हे मागच्या ठिगळावरून कळते.

(समाप्त)